मिठाच्या गोणपाटावरची बेरिंग

भिवा पाटलाने कल्याणच्या लष्करी छावणीतल्या लिलावातून मोटरसायकल आणली ती अठ्ठेचाळीस साली. दिव्याच्या खाडीकाठी मिठागरावर राबणारा माणूस आणि दारात फटफटी! गावाने तोंडात बोटं घातली. फटफटीला मात्र खारी हवा मानवली नाही. वर्षाआड चाकातल्या बेरिंगा गंजत आणि भिवा त्या घरीच बदलत असे. मेस्त्रीचा हात लागलेला त्याला खपत नसे. माणूस एक नंबरचा हट्टी.

त्रेपन्नच्या माघात पुढचं चाक पुन्हा डुलायला लागलं. नेमके तेव्हाच खिडकाळीला सासरी लेकीचे, गोदाचे, दिवस भरत आलेले. भिवाची बायको आवडाबाई पंचक्रोशीची सुईण. पण पहिल्या खेपेला गोदा सातव्यातच अडली, आवडाबाई पोचली उशिरा आणि मूल हाती लागलं नाही. या वेळी बायकोला फटफटीवरून वेळेत न्यायचं, असं भिवाने ठरवलं होतं.

अंगणात चाक उतरवून त्याने जुन्या बेरिंगा ठोकून काढल्या. नव्या बेरिंगा रॉकेलात धुतल्या, निथळत ठेवल्या, ग्रीस भरून चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवल्या. नवीवर जुनी ठेवून वरून हातोडी, म्हणजे मार बाहेरच्या कड्यावरच बसतो. काम मोठं सुबक झालं. एवढ्यात खिडकाळीहून गडी आला: कळा सुरू झाल्या.

चाक चढवून भिवाने फिरवलं. आतून करकर ऐकू आली.

"धुवून कशावं ठेवल्या व्हत्या?" आवडाबाईने विचारलं.

"गोणपाटावं. कोरडं व्हतं."

"अवो, मिठाचं गोणपाट ना त्ये!"

मिठागरावरच्या माणसाचा हात दुसरीकडे जाणार कुठे? तरी भिवा म्हणाला, "चालंल. बस मागं."

आवडाबाईने काष्टा घट्ट खोचला आणि गड्याबरोबर चालू लागली.

शिळच्या अलीकडे भिवाने तिला गाठलं. चाक केकाटत होतं. तिने वळूनही पाहिलं नाही. पुढे फर्लांगभर गेल्यावर चाक जाम झालं, आणि ती त्याच्या शेजारून निघून गेली.

फटफटी ढकलत, ओढत तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. आवडाबाई पडवीत हात धूत होती.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "मानेला नाळ गुंडाळली व्हती, येळेत सोडवली. दोघी बऱ्या हायत. तुमच्या मागं बसले असते तर..."

भिवा व्याह्यांच्या देखत अंगणातच बसला आणि हमसून हमसून रडला.