मातीचा घाट

दिवाळीचा किल्ला करायला नातवंडांनी अंगणात माती भिजवली आणि त्या वासासरशी मी पुन्हा या घरची नवी सून झाले.

लग्न होऊन कोकणातून पुण्यात आले तेव्हा माझं वय खेळायचंच होतं. मामंजी पेशव्यांच्या दप्तरात कारकून. मुलांना मुलूख कळावा म्हणून त्यांनी अंगणात एक खेळ मांडला होता. ओल्या मातीचा वरंधा घाट, राखेच्या रेघांच्या नद्या, आणि सावित्रीकाठी माझं माहेर. कवड्या टाकायच्या, वाटेतल्या गावाचं नाव सांगून सोंगटी पुढे सरकवायची. कोकणातून निघून जो आधी पुण्यात पोचेल तो जिंकला.

एके दिवशी गडी कमी पडला म्हणून मला बसवलं. माझी सोंगटी पुण्याच्या वेशीशी आली, हवं ते दान पडलं, आणि मी ती उलटी फिरवून घाटाकडे नेली.

धाकटे दीर हसत सुटले. "वहिनी, पुणं इकडे आहे."

माझी मान वर होईना. मामंजी सुनेशी थेट बोलत नसत. तुळशीकडे बघत ते म्हणाले, "खेळ मीच चुकीचा मांडला. आजपासून पुण्याहून निघायचं आणि कोकणात पोचायचं."

तेव्हा मला वाटलं, खेळ खरंच चुकला असेल.

आज माझी धाकटी सून किल्ल्यापाशी गप्प उभी आहे. तिचं माहेर नाशकाचं. मी तिच्याकडे न बघता नातवाला म्हटलं, "अरे, किल्ल्यामागून गोदावरी काढ."