मातीवर थाप

इरा आणि निहार,

परवा इराने तिच्या जुजुत्सूच्या क्लासचा फोटो पाठवला. ती गादीवर पालथी आणि पाठीवर एक धिप्पाड मुलगी. खाली लिहिलं होतं, "घाबरू नकोस आजी, गादीवर दोनदा थाप मारली की समोरची लगेच सोडते." तेव्हापासून मला पक्कडबाई आठवत आहेत. त्या चांगल्या होत्या म्हणून नव्हे. मला त्या आवडत नसत, अजूनही आवडत नाहीत. पण थाप मारू न देणारी माणसंही असतात, हे तुम्हाला माहीत असावं.

घाटकोपरच्या आमच्या व्यायामशाळेत त्या दुपारी मुलींना हेच जुजुत्सू, म्हणजे जपानी कुस्ती, शिकवीत. पक्कड हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांनी धरलेलं मनगट त्यांच्या मनात येईल तेव्हाच सुटे. साधं बोलतानाही त्या समोरच्याचं मनगट धरूनच बोलत. माझी आई शिकवणीची चौकशी करायला गेली, ती मनगट चोळतच परतली.

पत्र्याच्या शेडमध्ये तांबड्या मातीचा हौद होता. भावांचे जुने पायजमे घालून आम्ही त्यात उतरत असू. उभ्याने झुंजणं बाईंना पटत नसे. "रस्त्यात कोणी धरलं तर तो तुला आधी पाडणार. पडल्यावर काय करशील? रडशील?" म्हणून सगळं शिक्षण जमिनीवरच. खाली सापडल्यावर कंबर उचलून कुशीवर कसं वळायचं, वरच्याचं कोपर उलट्या बाजूला कसं दाबायचं, हे त्या उत्तम शिकवीत. तेवढं मान्य करते, आणि ते करताना आजही जड जातं.

चुकलं की त्यांची जीभ सुटे. मी इंग्रजी शाळेत जाई म्हणून मी 'मडम'. "मडमला माती चावते वाटतं! उद्या पावडर लावून ये हो." सगळ्या हसत. हसणं भागच होतं, कारण न हसणारीला पुढच्या डावासाठी खाली घेतलं जाई.

त्यांचा एक नियम होता. माती म्हणजे आई. हौदात उतरताना तिला हात लावून कपाळाला लावायचा आणि तिच्यावर थाप कधीच मारायची नाही. "आईला मारतेस गो?" हरलीस तर तोंडाने म्हणायचं, "सोडा, बाई." तेही खणखणीत. पुटपुटलं तर पकड आणखी आवळे. त्यांना ते शब्द ऐकायला आवडत, असं माझं मत आहे.

कुसुम आमच्या शेजारच्या खोलीतली, माझी जिवाभावाची मैत्रीण आणि बाईंची भक्त. एका दुपारी बाई तिच्या पाठीवर बसल्या आणि मागून तिच्या गळ्याभोवती हात घालून त्यांनी तो आवळला.

"बोल गो. तोंड शिवलंय काय?"

गळाच आवळलेला, आवाज निघणार कुठून? कुसुमचा चेहरा काळवंडला. तिचा हात उठला आणि मातीच्या वीतभर वर थांबला. श्वास संपत आला होता, तरी ती नियम मोडेना.

"बाई, तिला बोलता येत नाहीये!" मी ओरडले.

"तू गप्प बस, मडम. तिला जीभ आहे."

मी हौदात उडी टाकली आणि कुसुमच्या बदली दोन्ही हातांनी माती बडवू लागले. माती बाईंच्या डोळ्यांत उडाली, तेव्हा कुठे त्यांचा हात ढिला पडला. कुसुम खोकत लोळत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आईला मारलंस," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा या मातीत पाय ठेवायचा नाही."

मी ठेवला नाही. कुसुम मात्र खोकला थांबताच परत शिकवणीला गेली. मी वाटेत अडवलं, तर घोगऱ्या आवाजात म्हणते, "चूक माझीच होती गं. मी आधीच बोलायला हवं होतं." बाईंनी तिला हेही शिकवलं होतं. बाकी सगळं मी कदाचित विसरले असते, हे विसरता आलं नाही.

बाई जाऊन फार काळ लोटला. व्यायामशाळेच्या जागी इमारत उभी आहे. कुसुम मुलुंडला मुलाकडे असते, रविवारी आम्ही फोनवर बोलतो. तिच्या भिंतीवर बाईंचा फोटो आहे. तिचा आवाज अजून घोगराच आहे.