ओके दाबा, ताई

मंगलताई दुधाच्या रांगेत कुणाचीही गय करत नसे. निमगाव सावाच्या पुढं एका वस्तीवर छोटी डेअरी आहे, तिथं ती सात वर्षं दूध मोजायची. किटलीत पाणी दिसलं की सख्ख्या दिरालाही सोडायची नाही. म्हणायची, "भाऊजी, म्हस हिरीत पडली व्हती का?" रांग हसायची आणि दीर मुकाट्यानं किटली उचलून घरी जायचा.

मी हमदान. जुन्नरला माझं दुकान आहे, डेअऱ्यांना लागणारे प्रोग्राम लिहितो. दिवाळीनंतर त्या डेअरीत दूध थंड ठेवणारी मोठी टाकी आली आणि तिच्यावर नजर ठेवायला माझा प्रोग्राम बसला. टाकी गरम व्हायला लागली की मंगलताईच्या आणि चेअरमन गेणभाऊंच्या फोनवर मेसेज पाठवायचा, एवढंच त्याचं काम. कॉम्प्युटर सुरू झाला की मेसेज पाठवणारी सेवा नेटवर सापडते का, हे तो आधी बघायचा. नाही सापडली तर पिवळ्या चौकटीत इंग्रजीत कुरकुर करायचा आणि तसाच पुढं चालू व्हायचा. ती चौकट मीच लिहिली होती, चहा घेता घेता, दोन मिनिटांत.

पहिल्याच दिवशी ती चौकट उगवली. कारण डोळ्यांसमोर होतं. टेबलाजवळ मोकळा सॉकेट एकच. दुपारी कॉम्प्युटर चालू करायच्या आधी मंगलताई राऊटरची पिन काढायची आणि ओझरच्या विघ्नहराच्या फोटोभोवतीची दिव्यांची माळ लावायची. अगरबत्ती विझली की माळ बंद, परत राऊटर.

"हे पिवळं काय म्हनतंय, भाऊ?" तिनं विचारलं.

मला आळेफाट्याला दुसऱ्या कामाला जायची घाई होती. "ते येतच असतं. ओके दाबा, ताई," मी म्हणालो. माझा प्रोग्राम सुरुवातीला एकदाच बघतो, नंतर नेट आलं तरी त्याला पत्ता नसतो, हे मला माहीत होतं. तरी तसं म्हणालो.

तीन महिने ती रोज ओके दाबत राहिली. मग एका रात्री टाकीचं मशिन बंद पडलं आणि मेसेज गेलाच नाही. सकाळी अख्ख्या वस्तीचं दूध नासलेलं. ते ओढ्यात ओतलं तेव्हा बायका नाकाला पदर लावून बघत होत्या.

दुपारी बैठक बसली. गेणभाऊंनी मला विचारलं, "तुझं मशिन बोललं का न्हाई?"

"प्रोग्रामनं वॉर्निंग दिली होती," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

"मंगल, दिली व्हती?"

"व्हती."

"मंग?"

"ओके दाबलं."

कुणी सांगितलं होतं, हे ती बोलली नाही. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी चहाच्या कपात बघितलं. माळेपायी दूध गेलं असा गावभर बोभाटा झाला. मंगलताईला काढून तिच्या जागी वस्तीवरच्याच साधनाला घेतलं.

आठ दिवस मी ती चौकट नव्यानं लिहीत होतो. 'सेवा उपलब्ध नाही.' 'संपर्क प्रस्थापित होऊ शकला नाही.' वाचून काय करायचं, ते माझं मलाच कळेना. शेवटी तोंड वर करून मंगलताईकडं गेलो. ती दुसऱ्याच्या वावरात रोजानं कांद्याची पात कापत बसली होती.

"ताई, मेसेज जात नसेल तर पडद्यावर काय लिहू?"

तिनं विळा थांबवला नाही. "लिवा. मेसेज जात न्हाई. टाकी गरम झाली तर आज कुनालाच कळनार न्हाई. माळ काढा, राऊटरची पिन लावा आन मला परत चालू करा. तरीबी जमलं न्हाई तर रातच्याला टाकीपाशी मानूस बसवा."

मी लिहून घेतलं. उठलो, तर म्हणाली, "आजून एक लिवा. कुनीबी सांगितलं तरी नुसतं ओके दाबू नका."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मान खाली घालून निघालो.

तिचे शब्द जसेच्या तसे चौकटीत घातले. डेअरीत बसवायला गेलो तेव्हा रांग लागली होती. साधनानं कॉम्प्युटर चालू केला; देवाची माळ बंद करायला कुणी धजलं नव्हतं, ती नेहमीसारखी लावलेलीच होती. चौकट आली. साधनानं ती वाचली, माळ काढली, राऊटर लावला. मला एका शब्दानं विचारलं नाही. ती प्रोग्राम परत चालू करणार, तेवढ्यात मागं उभ्या गेणभाऊंनी चष्मा चढवून सगळं मोठ्यानं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर अडले.

"कुनीबी सांगितलं तरी, म्हंजी? कुनी सांगितलं व्हतं?"

रांगेत मंगलताईचा दीर उभा होता. तोही माझ्याकडं बघायला लागला.

"मी," मी म्हणालो. "मंगलताईला मीच सांगितलं होतं."

"मंग बैठकीत तोंड शिवलं व्हतं का?"

दिरानं किटली रांगेतच ठेवली आणि तो वहिनीला बोलवायला निघाला.