'ए' बाजूचं शेवटचं गाणं

माझ्या संग्रहातली पहिली कॅसेट मी मारामारी करून मिळवली. जळगावला स्टेशनबाहेर एक हातगाडीवाला मुंबईहून आणलेल्या जुन्या इंग्रजी कॅसेट विकायचा. गाडीवर नुसता ढीग असायचा, त्यात हात घालून हाताला लागेल ते उचलायचं. त्या दिवशी एकाच कॅसेटवर दोन हात पडले, एक माझा आणि दुसरा कुठल्याशा कॉलेजच्या पोराचा. कव्हरवर चार गोरी पोरं, केस एका डोळ्यावर आलेले, गालाला पावडर फासलेली, मागे सिंथेसायझर. वर लिहिलं होतं, 'ग्रेटेस्ट हिट्स'. मी कोपर मारलं, ते त्याच्या नाकावर बसलं आणि कॅसेट माझी झाली. घरी आल्यावर कव्हरवर रक्ताचा एक थेंब दिसला. तो ओल्या फडक्याने पुसला आणि खुशाल गाणी ऐकत बसलो. मी तेव्हा अकरावीत होतो.

लाजबीज काही वाटली नाही. आमच्या घरात हात आधी उठायचा आणि बोलणं मागून यायचं. वडील दालमिलमध्ये मुकादम होते. भाजीत मीठ जास्त झालं की ताट भिंतीवर, मला मार्क कमी पडले की कमरेचा पट्टा. आई मधे आली तर तिलाही. तासाभराने स्वतःच जिलेबी घेऊन यायचे आणि आम्ही ती खायचोही. मी मार खाताना रडत नसे. मार खाऊन झाला की आत जाऊन टेप लावत असे. मिलमधले लोक वडिलांना विचारायचे, तुमचा पोरगा ही यंत्राची गाणी का ऐकतो, ना ढोलकी ना पेटी. मला मात्र तो यंत्राचाच ठोका आवडायचा. घरात पुढचा फटका कधी पडेल याचा नेम नसायचा. या गाण्यांत पुढचा ठोका कुठे पडणार ते पक्कं ठाऊक असायचं. त्यावर मी झोपीसुद्धा जायचो.

मी फक्त निवडक गाण्यांच्याच कॅसेट जमवायचो. इंग्लंडातल्या एखाद्या बँडने पाचसहा वर्षं धुमाकूळ घालायचा, मग आपसात भांडून फुटायचं, मग कंपनीने त्यांची गाजलेली गाणी एकत्र काढायची, आणि तो सगळा मामला शिळा झाला की ती कॅसेट आमच्या स्टेशनबाहेर यायची. आमच्याकडे बँड मेल्यावरच पोचायचा. मला ते सोयीचं होतं. एका कॅसेटमध्ये एक अख्खा बँड आटोपायचा, पुढे कसली वाट बघायची नाही. हातगाडीवर जे मिळत नसे ते मी फुले मार्केटजवळच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातून भरून घ्यायचो. कोरी साठ मिनिटांची कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी आणायला जायचं. मालक गाण्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचा.

बारावीनंतर धुळ्याच्या कॉलेजात आलो, देवपुरातल्या होस्टेलवर. येताना टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या कॅसेट आणल्या. खोलीत माझ्यासोबत शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला पोरगा होता. वडील लहानपणीच वारलेले, घरी आई आणि तिला सांभाळणारा मामा. पोरगा उंच, सडपातळ, बोलायला हळू. त्याच्यापाशी एक ट्रान्झिस्टर होता, शेतात राखणीला बसताना तो शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं लावायचा. खरखरीतून जी गाणी यायची ती त्याने नुसत्या कानाने पाठ केली होती. नावं माहीत नाहीत, शब्द कळत नाहीत, पण चाल अचूक. पहिल्याच दिवशी मी एक कॅसेट लावली आणि हा सिंथेसायझरचा तुकडा शिट्टीवर पुढे म्हणायला लागला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत गुद्दा मारला. आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

एकदा वडील होस्टेलवर आले. मी एका परीक्षेला बसलो नव्हतो, ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि सगळ्या पोरांसमोर चपलेने मारलं. ते गेल्यावर या दोस्ताने मला नळावर नेलं, ओठाचं रक्त धुतलं आणि एवढंच म्हणाला, "तुना बाप तुले एक दिन जित्ता सोडाव नही." मी हसलो. मला वाटलं, याला बाप नाही, याला काय कळणार.

आता त्या रविवारचं सांगतो. दुपारची वेळ होती, खोलीत सातआठ पोरं जमली होती आणि मी माझी सर्वांत आवडती कॅसेट लावली होती, जळगावच्या दुकानातून भरून आणलेली. तिच्या 'ए' बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे माझा अभिमान. ठोका चालू राहतो आणि आवाज हळूहळू लांब जात विरतो, जसं कुणी वाजवत वाजवत गाव सोडून निघालंय. मी पोरांना सांगत होतो की असा शेवट करायला डोकं लागतं. तेवढ्यात हा माझा दोस्त कोपऱ्यातून म्हणाला, "भो, गाणं आठे संपत नही. पुढे आखो शे. ठोका थांबस आन एक बाई गाना म्हनस."

मी म्हणालो, "कसली बाई? या बँडमध्ये बाईच नाही."

"रेडिओवर ऐकेल शे मी."

"तुझ्या रेडिओवर दोन स्टेशनं एकत्र लागली असतील. एक कॅसेट नाही तुझ्याकडे, तू मला शिकवतोस?"

पोरं हसली. ती त्याला हसली तेव्हा मला बरं वाटलं. पण हा चिडला नाही. त्याने डोळे मिटले आणि ती चाल म्हणायला लागला, शब्दांशिवाय, बारीक आवाजात, जिथे माझं गाणं विरलं होतं बरोबर तिथून पुढे. आणि ती चाल त्या गाण्याला अशी बसत होती की खोलीतला हशा थांबला. एक पोरगा म्हणाला, "अरे, खरंच दिसतंय." मग सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले.

माझा हात उठला. तो डोळे मिटून गात होता, त्यामुळे त्याला स्वतःला वाचवायलाही सुचलं नाही. उघड्या पंजाने, जोर काढून, डाव्या कानावर. वडील मारायचे अगदी तसं. तो कॉटच्या लोखंडी दांड्यावर आपटला. पडल्यावरही मी त्याला दोन लाथा घातल्या, हेही लिहितो, कारण इतकी वर्षं मी एक थापड मारली एवढंच म्हणत आलो. पोरांनी मला धरलं. त्याने कानाला हात लावला, बोटं बघितली, बोटांना रक्त होतं.

सिव्हिल हॉस्पिटलला रिक्षाने मीच नेलं. पडदा फाटला होता. डॉक्टरांनी पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं, तरी कान वाहायला लागला, पुढे कित्येक महिने वाहत राहिला आणि शेवटी त्या बाजूचं ऐकू येणं गेलं ते गेलंच. रेक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "न्हाणीत पाय घसरला, सर." पोरांनीही माना डोलावल्या. खरं सांगितलं असतं तर मला होस्टेलवरून, कॉलेजातून काढलं असतं आणि घरी वडिलांनी जे केलं असतं ते त्याने अंगणात बघितलेलं होतंच. आईलाही त्याने तेच सांगितलं, पडलो, आणि हा दोस्त मला दवाखान्यात घेऊन गेला. तेव्हापासून तो सुटीहून परतताना त्याची आई त्याच्याबरोबर माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवायला लागली. मी ते खाल्ले. मी माफी मागितली नाही. मला मनातून अजूनही वाटत होतं की गाणं तिथेच संपतं.

पुढच्या सुटीत जळगावला हातगाडीवर त्याच बँडची कंपनीची मूळ कॅसेट सापडली. घरी येऊन ते गाणं लावलं. माझा शेवट आला, पण आवाज विरला नाही. ठोका थांबला आणि एक बाई गायला लागली. चांगलं दीड मिनिट. चाल तीच, त्याने डोळे मिटून म्हटलेली, एका सुराचाही फरक नाही. मी टेप बंद केला आणि थेट रेकॉर्डिंगच्या दुकानात जाऊन मालकाची कॉलर धरली. तो बिचारा घाबरून म्हणाला, "अहो, एका बाजूला तीसच मिनिटं बसतात. गाणं खटकन तुटलं तर कानाला वाईट लागतं, म्हणून टेप संपत आला की मी आवाजाचं बटण हळूहळू खाली घेतो. आजवर एका गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही." ज्या शेवटाला डोकं लागतं म्हणून मी पोरांना शिकवत होतो, तो या माणसाच्या अंगठ्याने केला होता. मी त्याचं काउंटर लाथेने फोडलं आणि घरी गेलो. मूळ कॅसेट धुळ्याला कधीच नेली नाही. सुटीहून आल्यावर त्याने विचारलं, काही नवीन मिळालं का. मी नाही म्हणालो.

पाच वर्षांनी, मी जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर, तो एक दिवस गेटवर येऊन उभा राहिला. धुळ्यात त्याला मुलगी बघितली होती. मुलगी पसंत, घर पसंत, पण मुलीकडचे कानावर अडले होते. बहिरेपण घराण्यात असेल, उद्या पोरंही तशीच निघतील, अशी शंका. पडून कान गेला हे त्यांना पटत नव्हतं. "माय म्हनस, तू दवाखानामा व्हता, तू चाल आन सांग," तो म्हणाला. मी बघितलं, बोलताना तो उजवा कान माझ्याकडे करून उभा होता.

धुळ्याला मुलीच्या घरी बैठक बसली. सतरंजीवर मुलीचे आजोबा, ज्यांना सगळे नाना म्हणत, तिचे वडील, भाऊबंद. आमच्या बाजूला तो, त्याचा मामा आणि मी. त्याची आई बायकांसोबत मधल्या दारात. मी तिला अक्का म्हणायचो. मुलाला वाचवणारा म्हणून तिने मला आत येतानाच जवळ घेतलं होतं, "तू व्हता म्हनीसन मना आंडोर वाचना."

नानांनी सरळ विषय काढला. "पडीसन हात मोडस, पाय मोडस. कान कसा जाई? जनमनंच दिसी राहिनं माले."

मामा म्हणाला, "नही नाना, हाऊ त्याना दोस्तार शे, याले इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं, न्हाणीत पाय घसरला. ते कुणाला पटणार नाही हे मला दिसत होतं. सुपारी फुटणार नव्हती, आणि तो पुढेही असाच कान आडवा करून घरोघरी बसणार होता. मी म्हणालो, "पडला नाही. मी मारलं. कानाखाली. तोपर्यंत याचे दोन्ही कान तुमच्या-माझ्यापेक्षा तिखट होते."

मामाने माझा दंड धरला. दाराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"मारं? कसाले?" नाना म्हणाले. "पोरीनं काही लफडं व्हतं का?"

आता मात्र खरं कारण सांगणं भागच होतं. जमिनीचं सांगता आलं असतं, पैशाचं सांगता आलं असतं, कुणालाही समजलं असतं. मी म्हणालो, "एका इंग्रजी गाण्यावरून. हा म्हणाला गाणं पुढे आहे, मी म्हणालो तिथेच संपतं." तेवढ्या माणसांत ते बोलताना माझे कान तापले. कुणी हसलं नाही. नानांनी त्याला विचारलं, "खरं शे का?" त्याने मान हलवली. नाना मुलीच्या वडिलांना म्हणाले, "जनमनं नही ना. मंग काय हरकत शे." आणि म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग खरं कोननं निंघनं?"

तोही माझ्याकडे बघत होता. पाच वर्षांत त्याने मला हे एकदाही विचारलं नव्हतं.

"याचं," मी म्हणालो. "मला चार महिन्यांत कळलं होतं. मी सांगितलं नाही."

त्यानंतर अक्का उठली. बायकांनी पदर धरला तो सोडवून ती सतरंजीवर आली आणि मला मारायला लागली, दोन्ही हातांनी, डोक्यावर, पाठीवर, तोंडावर. तिच्या हातातलं कडं लागून माझं कपाळ फुटलं. मला आयुष्यात पुष्कळ मार बसला होता, पण मी रडलो तो त्या दिवशी. मामा आणि मुलीचे वडील तिला आवरायला उठले. तो मात्र बसूनच राहिला. त्याने आईचा हात धरला नाही, आणि त्याने तो धरू नये असंच मला वाटत होतं.