कोण उभं हाय?

शेंडे मॅडमनी माझ्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरात, की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा पालापाचोळ्यात पडला. मी त्यांच्या आईच्या वयाची. शाळेत सगळे मला मावशी म्हणतात, अरेतुरे कोणी करत नाही. पण त्या सकाळी मोहाच्या झाडाखाली, सगळ्या लेकरांसमोर, मी मार खाल्ला आणि गप्प झाले. मला गप्प करायलाच मारलं होतं.

माझी नात आरोही दिसत नव्हती. तिची टोपली उपडी पडली होती. फुलं सांडली होती, एक चप्पल तिथेच होती. आणि झुडपात शिरणारी पट्ट्यांची पाठ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मी नुसती ओरडत होते, "आरोही! आरोही वं! कुठी हायेस?" तिकडून काही येत नव्हतं.

"चूप राहा मावशी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हाकेले ती ओ देणार नाई. तुमीच तिले तसं शिकवलं हाय."

मग झाडीकडे तोंड करून, वर्गात बोलतात त्याच आवाजात त्यांनी हाक दिली, "अकरा!"

काही नाही.

"अकरा!"

ही बाई कोण आणि अकरा म्हणजे काय, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचा टोला आरमोरीपासून जंगलात आत आहे. तीसेक घरं. शाळा पहिली ते चौथी, एकोणीस पोरं; चौथीची गेली की तेवढीच पहिलीत यायची. मी याच शाळेत चौथी शिकले आणि आता याच शाळेत खिचडी शिजवते. शेंडे मॅडम ब्रह्मपुरीकडच्या. पहिल्या दिवशी आल्या आणि वर्गातली खुर्ची उचलून बाहेर ओसरीवर ठेवली. मी म्हटलं, "झाडून ठेवतो, मंग बसा." त्या म्हणाल्या, "बसाचं नाई मले. याच्यावर पाण्याचा माठ ठेवा, पोरायले वाकावं नाई लागत." त्या दिवसापासून ती खुर्ची माठाची झाली. मॅडम पाच वर्षं आमच्याकडे होत्या. त्यांना बसलेलं मी एकदाच पाहिलं, ते पुढे येईल.

जेवायच्या उभ्याने. एका हातात ताट, आणि नजर पोरांवर. दर थोड्या वेळाने ओठ हलायचे. पहिल्यांदा मला वाटलं बाई जप करतात. नंतर कळलं, मोजतात. एकोणीस झाले की पुढचा घास. लग्नाच्या पंगतीत बोलावलं तरी तेच. मला त्यांची चीड यायची. घटकाभर बूड टेकलं तर काय शाळा पळून जाते? एकदा तोंडावर म्हटलं, "तुमाले मुंग्या लागल्या का मॅडम?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो, एकोणीस."

त्यांचा पहिला मोहाचा हंगाम आला. उन्हाळा लागला की आमच्याकडे पहाटे मोह पडतो आणि घरातलं चालतं माणूस टोपली घेऊन निघतं. लेकरंही. फुलं वेचली नाहीत तर उन्हाने वाळतात, नाहीतर रानडुकरं खातात. आधीचे गुरुजी त्या दिवसांत रिकाम्या वर्गात पेपर वाचत. मॅडमच्या वर्गात त्या दिवशी चार पोरं आली. मला वाटलं, आता घरोघरी फिरून भांडतील. दुसऱ्या दिवशी उजाडताना बघते तर बाई हजेरीबुक आणि गुंडाळी फळा काखेत मारून मोहाखाली हजर. "शाळा इथीच," म्हणाल्या. आधी वेचणं, मग तिथेच फळा झाडाला टांगून शिकवणं. पोरांनी फुलांचे दहा-दहाचे ढीग लावले आणि आमच्या टोल्यावर पहिल्यांदा पहिलीच्या पोरांना दशक कळलं. खिचडीचा गंज मला डोक्यावर घेऊन तिकडे जावं लागलं, आणि त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ बोलले.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मॅडमनी नावं घेऊन हजेरी सुरू केली आणि एक पोर बोलेना. सगळी पुढ्यात, पण तोंडं बंद. मॅडम चिडल्या. मग एका पोरीने सांगितलं, "जंगलात नावानं हाक आली तं ओ नाई देवाची, मॅडम. आजी सांगते."

ती आजी म्हणजे मी. माझ्या आजीने मला सांगितलं, मी आरोहीला सांगितलं. जंगलात नावाने बोलावणारा माणूसच असेल असं नाही. ज्याला आपण हवं आहोत तो चालत जवळ येईल. माझ्या आवाजात हाक आली तरी बोलू नको, ते माझाही आवाज काढतं. तिचे आईबाप दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोर माझ्या गळ्यात. मी तिला धाक घालून ठेवलं होतं.

मला वाटलं, आता शिकलेली बाई मला अंधश्रद्धेवर भाषण देणार. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "ते नावानं बोलावते ना? नंबरानं बोलावते का?"

मी म्हटलं, "नंबर त्याले काय माहीत?"

"झालं मंग," म्हणाल्या, आणि हजेरीबुकातले नंबर पुकारले. एक, हजर. दोन, हजर. एकोणीसपर्यंत. आरोहीचा अकरा. त्या दिवसापासून जंगलात दर पाच-दहा मिनिटांनी नंबर पुकारायच्या. आम्हा बायांना तो आवाज ऐकून कंटाळा यायचा.

दुसरा नियम त्यांनी वाघामुळे केला. आमच्याकडे वाघ नवीन नाही, पण वाकून वेचणारा माणूस त्याला जनावर वाटतो हे त्या कुठून तरी ऐकून आल्या होत्या. म्हणून जोड्या लावल्या. एकाने वाकायचं, एकाने उभं राहून पाहायचं. लहान पोरांजवळ मोठं माणूस उभं. उभं असलेल्याने बसायचं नाही. आणि नंबर संपले की त्यांची आरोळी यायची, "कोण उभं हाय?" आम्ही हात वर करायचो. दोन हंगाम असे गेले. वाघ दिसला नाही. आम्ही हसायला लागलो. मी सगळ्यांत जास्त हसले.

तिसऱ्या हंगामातली ती सकाळ. आरोहीजवळ उभी मी होते. गुडघे दुखत होते, ऊन चढायला लागलं होतं. "कोण उभं हाय?" आलं, मी हात वर केला. मॅडम पलीकडच्या झाडाकडे वळल्या आणि मी झाडाला टेकून खाली बसले. कमरेची प्लास्टिकची पन्नी काढली, तीत खर्रा घोटला, तोंडात टाकला. तेवढाच वेळ. वाघ दिसला की खाकरतं तसं वानर खाकरलं, तेव्हा मी वर पाहिलं.

तर तिथे आपण होतो. मॅडमनी दुसऱ्यांदा "अकरा" म्हटलं होतं. लेकरं पाठीला पाठ लावून उभी होती, बाकीच्या दोन बाया त्यांच्या बाजूला. कोणी रडतसुद्धा नव्हतं.

"अकरा!"

आणि बांबूच्या बेटातून, अगदी बारीक, "हजर, मॅडम."

पोर बांबूच्या काटेरी बुडात घुसून बसली होती. मोठ्या जनावराला आत तोंड घालता येत नाही अशा जागी. पण ते तिथून गेलं नव्हतं. बेटाच्या पलीकडे गवत हलत होतं. मॅडमनी माझ्या गंजावरचं झाकण उचललं, पळी घेतली आणि चालायला लागल्या. धावल्या नाहीत. ताठ, हात वर, झाकण बडवत. आणि एकेक नंबर पुकारत. मागून लेकरं ओरडून उत्तर देत होती, एवढ्या मोठ्याने की माझ्या कानात दडे बसले. "एक!" "हजर!" "दोन!" "हजर!" दहापर्यंत गेल्या तेव्हा बेटाजवळ पोचल्या. पोरीला ओढून काढायला त्यांना वाकावं लागलं. वाकल्या, आणि तेवढ्यात ते आलं.

एकच पंजा, उजव्या खांद्यावर. आम्ही सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला, मी दगड मारले, कोणी गंज बडवला. ते निघून गेलं. मॅडम उठल्या, डाव्या हाताने आरोहीला काखेत धरून आमच्यापर्यंत आल्या. पातळ पदरापासून निऱ्यांपर्यंत लाल. आल्या आणि म्हणाल्या, "बारा."

बारा नंबरचं पोरगं तोतरं झालं होतं. "ह-ह-हजर."

एकोणीस झाल्यावर बसल्या. तेच एकदा पाहिलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात महिना राहिल्या. मी भेटायला गेले तर खाटेवर पडल्या पडल्या डाव्या हाताने पाटीवर अ-आ गिरवत होत्या. उजवा हात खांद्याच्या वर उठणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विचारलं, "दुखते का?" त्या म्हणाल्या, "फळ्याचा वरचा भाग रिकामा राहीन आता. पोरायले बरं, तेवढं लिवाचं कमी."

मग नोटीस आली. मुलांना जंगलात नेण्याची परवानगी कोणी दिली होती? एक साहेब चौकशीला शाळेत आले. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. त्याने विचारलं, "त्या मुलीजवळ पहाऱ्याला कोण होतं?"

मी चुलीशी होते. हातात पळी.

"मीच होती," मॅडम म्हणाल्या. "माझं लक्ष चुकलं."

साहेबाने लिहून घेतलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "खोटं काऊन बोलल्या?"

"तुमचं काम गेलं तं खिचडी कोण शिजवन? मले भात नाई जमत."

"मस्करी करून राह्यल्या का?"

"मावशी, मी जोडी लावली. तुमचे गुडघे मले माहीत होते. मी लावली." आणि ओसरीवरून निघून गेल्या, पोरं मोजायला. थोबाडीत मारली त्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. मीही मागितली नव्हती.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्काराची वेळ आली. त्याला शिक्षकाने स्वतःच फाइल करायची असते, फोटो लावून, आपण काय काय केलं ते लिहून. मॅडम म्हणाल्या, "मी चांगली हावो असं मीच लिवू? मले लाज वाटते." तेव्हा ग्रामसभेने ठराव केला आणि चार वर्षांची हजेरीबुकं केंद्रप्रमुखांकडे पोचवली. पहिल्या वर्षीचा तो एक दिवस सोडला तर मोहाच्या महिन्यातही एकोणीसपैकी एकोणीस. दुसरं काही लावलं नाही. सप्टेंबरात पुरस्कार मिळाला. ती नोटीस अजून कोणी मागे घेतलेली नव्हती. एकाच बाईच्या नावाने दोन्ही कागद.

सभागृहात आम्ही जीप करून सगळी लेकरं नेली. स्टेजवर गादीच्या खुर्च्या होत्या. बाकीचे गुरुजी बसले. आमच्या मॅडम खुर्चीच्या मागे उभ्या. सूत्रसंचालकाने तीनदा सांगितलं, "मॅडम, आसनस्थ व्हा." त्या "हो, हो" म्हणायच्या आणि ओठ हलवत आमच्या रांगेकडे पाहायच्या. शाल उजव्या खांद्यावर टाकली तर घसरून पडली. मग डाव्यावर टाकली.

पालकांतर्फे दोन शब्द बोलायला मला पाठवलं होतं. गावात माझ्याइतकं तोंड कोणाचं चालत नाही म्हणून. मी लिहून नेलं होतं, आमच्या मॅडम फार प्रेमळ आहेत वगैरे. माइकसमोर उभी राहिले आणि तो कागद वाचवेना. चौकशीच्या दिवसापासून मला नीट बसता येत नव्हतं. जेवताना उठायची, भजनातून उठायची. सून विचारायची, "काय झालं, आत्या?" मी तिलाही सांगितलं नव्हतं की तिच्या पोरीजवळ मी बसले होते.

मी म्हटलं, "मॅडम प्रेमळ नाईत. त्याइनं मले मारलं हाय. बरोबर मारलं. माझ्या नातीजवळ पहाऱ्याले मी होती. मी बसली, खर्रा घोटला. साहेबाले त्या खोटं बोलल्या. तेवढं लिवून घ्या." आणि खाली उतरले.

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. पहिल्या रांगेत सून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

जीपमध्ये मॅडम मागच्या फळीला धरून उभ्याच होत्या. "सांगून काय भेटलं, मावशी?"

"काई नाई. बसता येत नव्हतं."

"आता येते का?"

मी बसून पाहिलं. "नाई."

"मंग उभ्या राहा," म्हणाल्या, आणि डाव्या हाताने मला दांडी धरायला दिली. आरमोरीपर्यंत आम्ही दोघी उभ्याने आलो.

माझं काम गेलं नाही. सून दोन महिने माझ्याशी बोलली नाही, मग बोलली. पुढच्या वर्षी मॅडमची बदली सिरोंच्याकडे झाली. जाताना रडणं वगैरे काही झालं नाही, एस.टी.ला उशीर होत होता. माठाची खुर्ची नवीन सरांनी आत घेतली आहे. मोहाच्या दिवसांत मॅडमचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत. "मोह पडून राह्यला का? कोण उभं हाय?" मी सांगते, मी. खरंच उभी असते. खर्रा सुटला नाही, उभ्याने खाते.

त्या सकाळी मोहाखाली एकोणीस लेकरं होती, मला धरून तीन बाया आणि एक मॅडम. लेकरं सगळी जगली. मॅडम जगल्या. जी बसली होती ती मी, मीही जगले.