मनालीच्या बारा नळ्या

लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से फार. पालघरच्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे, त्यामुळे माझ्याकडे तर पोतंभर साठलेत!

आमची मनाली इथल्याच दांडी गावची. पीएचडी करते. तिने जिवाणूंत तीन जीन्सचं एक छोटं जाळं बसवलंय. एरवी ते हिरवं चमकतं, साखर दिली की विझतं. त्याने उलटं काम शिकायचं, म्हणजे साखरेवर हिरवं चमकायचं. ते किती लवकर जमतं, हे तिला मोजायचंय. बारा नळ्या, शंभर दिवस. रोज ताजं खाद्य, सुट्टी नाही!

तिच्या आईने एकदा विचारलं, "बाय, शिकले काय गं तुजे जंतू?"

"अजून नाही."

"इतके दिवस खायला घातलंस, आता त्यांचं कालवण तरी कर!"

एकदा दुपारी लाईट गेली आणि नळ्या हलवणारं मशीन बंद पडलं. मनाली आणि मी तीन तास हाताने हलवत बसलो. दुरुस्तीला बोईसरहून इलेक्ट्रिशियन आला. आम्हाला बघून म्हणाला, "मैडम, ये पिलाना किसको है?"

आता माझा पराक्रम. नळ्यांतले जंतू रोज थोडे थोडे काचेच्या प्लेटांवर वाढवून मोजायचे, आणि त्या प्लेटा निवडायचं काम माझं. पहिल्या दिवसाच्या फोटोसारखी दिसली नाही की ती प्लेट 'खराब' म्हणून बाद! चाळीस दिवसांनी मनालीने माझी खराबची पेटी बघितली आणि एकेक प्लेट काढून माझ्यापुढे मांडली. अहो, वेगळं दिसणारंच तर तिला हवं होतं! मी नेमकं तेवढंच फेकत होतो. सगळी मोजणी बाद. मला रडूच फुटलं.

"दादा, झालं रडून? मग नळ्या धुवायला घ्या."

तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिचे गाईड मात्र चिडले. म्हणाले, "या खेपेला जमलं नाही, तर विषय बदलायचा!"

शंभराव्या दिवशी सर स्वतः येऊन उभे राहिले. पहिली नळी अंधार. दुसरी अंधार. अकराव्यापर्यंत तेच.

सर हळूच म्हणाले, "मनाली, शून्य लिही. विषय बदलू."

"सर, एक राहिलीय. शून्य लिहायचं तर तेही मोजूनच लिहिते."

बारावी नळी हिरवीगार!

मी धावत जाऊन पेढे आणले. येऊन बघतो तर बाई रिकाम्या नळ्यांवर नंबर घालतायत!

"अगं, हे काय?" सर ओरडले. "आलं ना!"

"एकात आलं सर. ते नशीबही असेल. पुन्हा बारा लावते."

सरांनी बाह्या सरसावल्या.

"बारा कशाला? चोवीस लाव!"