मामा आणि लिथियम

“मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” गुरुजींनी पुकारलं. मामा म्हणजे मीच. पण भाचीभोवती करवल्या, काकू, मैत्रिणी यांचा असा गराडा, की पाऊल पुढे पडेना. मला हसूच फुटलं. बॅटरीतल्या द्रवात लिथियमचे आयन किती झपझप चालतात, हे मी प्रयोगशाळेत मोजतो. तिथंही हेच! द्रावकाचे रेणू भोवती जमतात, म्हणून तर आयन क्षारातलं आपलं घर सोडून निघतो. त्यांनी फार घट्ट धरलं, की मात्र सगळं लटांबर घेऊन रखडतो. आणि इलेक्ट्रोडच्या दारात सगळ्यांना मागे ठेवून एकट्यानंच आत शिरतो.

अंतरपाटापाशी एकेक जण हसत बाजूला झाली.

“मामा,” भाची कुजबुजली, “आता तू पण सोड की!”

बघतो तर तिचा हात माझ्याच मुठीत, घट्ट.